काळ्याची खेळी, काळा जिंकतो

बुद्धिबळाची कोडी सोडवणाऱ्या माणसाइतका सुखी जीव शोधून सापडायचा नाही. खऱ्या डावातून उचललेला एक पट, खाली 'काळ्याची खेळी, काळा जिंकतो' एवढीच ओळ, आणि शेजारी चहा. चहा निवायच्या आत तो वजिराचा बळी देतो, तिसऱ्या खेळीला मात करतो आणि ज्या ग्रँडमास्टरला प्रत्यक्ष डावात हे दिसलं नाही त्याची मनापासून कीव करतो. माझं म्हणणं एवढंच, की या पराक्रमातला मोठा वाटा पटाखालच्या त्या ओळीचा असतो. इथे काहीतरी दडलंय ही बुद्धिबळातली सगळ्यात महाग बातमी, आणि कोड्यात ती फुकट मिळते. पुरणपोळी म्हणून वाढलेला पदार्थ चाखून 'आत काहीतरी गोड आहे' असं ओळखणाऱ्याला आपण पाकशास्त्री म्हणत नाही.

पुरावा हवा असेल तर २०१४ सालचं सोची घ्या. जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव, २६ वी खेळी, कार्लसनने राजा डी२ वर ठेवला. आता आनंदच्या घोड्याने ई५ वरचं प्यादं मारायचं. पांढऱ्याने जी८ वरचा हत्ती घेतला, तर त्याच घोड्याने सी४ वरचं प्यादं शह देत खायचं, राजा डी३ वर आला तर बी२ वरून आणखी एक शह, आणि मग सावकाश हत्तीचा हिशेब चुकता करायचा. निव्वळ नफा दोन प्यादी. खाली ती ओळ छापून हा पट मांडा, तालुक्याच्या स्पर्धेतला पोरगासुद्धा घोड्याला हात घालेल. राजा ठेवताक्षणी कार्लसनलाही आपला घोटाळा उमगला होता. आनंदने मात्र ए-पट्टीतलं प्यादं एक घर पुढे सरकवलं, आणि पुढे डावही गेला. कुणी म्हणेल, घड्याळाचा ताण असेल. पण आनंदपाशी वेळ शिल्लक होता. नव्हती ती पाटी. समोर साक्षात कार्लसन बसलेला असताना तो फुकट काही देईल असं कोण धरून चालतं? २००६ मध्ये बॉनला क्रॅमनिकची गत याहून वाईट झाली. जगज्जेता असताना त्याने डीप फ्रिट्झ या संगणक-प्रणालीविरुद्ध वजीर ई३ वर नेला आणि संगणकाने एच७ वर एका खेळीत मात केली. एका खेळीतली मात म्हणजे कोड्यांची बालवाडी. पण बालवाडीत निदान बाई सांगतात, की आता कोडं सोडवायचंय.

मग कोडी सोडवणं हा रिकामा उद्योगच म्हणायचा का? तसं मुळीच नाही. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ साली दाखवलं, की खऱ्या डावातली स्थिती ५ सेकंद पाहून मास्टर ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडतो. मोहरी वाटेल तशी विखुरली, की त्याची ही आघाडी जवळजवळ संपते. (चेस हे संशोधकाचं खरंखुरं आडनाव, माझा विनोद नव्हे.) म्हणजे मास्टर लक्षात ठेवतो ती ओळखीची नक्षी, आणि खऱ्या डावांतली कोडी नेमकी ती डोळ्यांत मुरवतात. माझी तक्रार त्या नक्षीबद्दल नाही. प्रत्येक पानावर नक्षी असतेच, या सवयीबद्दल आहे. प्रत्यक्ष डावात बहुतेक खेळ्यांना काहीही नसतं. कोड्यांवर पोसलेला गडी मात्र तिथेही उंट एच७ वर फेकतो आणि उरलेला डाव एक मोहरं कमी घेऊन तत्त्वज्ञासारखा खेळतो.

म्हणून एक सूचना. कोड्यांच्या पुस्तकात दर तीन-चार पानांआड असा एक पट टाकावा, ज्याचं उत्तर असेल: 'इथे काही नाही. राजाशेजारचं प्यादं एक घर सरकवा आणि गप्प बसा.' हा ग्राहकाचा विश्वासघात आहे, पैसे कोड्यांचे मोजले होते, असा आक्षेप येणार हे मला दिसतंच आहे. पण कुठला पट पोकळ ते आधी सांगितलं, तर पुन्हा ती पाटी लागलीच. शिवाय प्रकाशकाने घाबरू नये. त्या पोकळ पटावर निम्मे वाचक वजिराचा बळी देतील, आणि छापलेलं उत्तर कसं चुकलं आहे हे कळवणारी चार-चार पानी पत्रं सुवाच्य अक्षरात धाडतील.