उन्हाचे मुकादम

पिंपळे गुरवमध्ये डायनासोर गार्डनच्या बाजूला आमची सोसायटी आहे. (बागेचं खरं नाव राजमाता जिजाऊ उद्यान, पण ते फक्त पाटीवर.) चौथ्या मजल्यावरचे आप्पा सकाळी गॅलरीत येऊन आधी पूर्वेला बघतात, मग मोबाइलमध्ये बघतात, आणि दोन्हीकडं सूर्य उगवलेला दिसला की चहा मागतात.

आप्पा टेल्कोतून रिटायर झाले. खेड तालुक्यात कडूसच्या अलीकडं त्यांची सामाईक विहीर आणि वाट्याची दोन एकर जमीन आहे. ती धाकटा भाऊ कसतो आणि आप्पा फोनवरून कसतात. लाइटच्या कनेक्शनचं कोटेशन भरून बरीच वर्षं झाली होती, पण खांब काही शेतात आला नाही. मग 2024 साली 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना निघाली, आणि आप्पांनी सातबारा, आधार, पासबुक अशी फाइल बगलेत मारली. "शंभरातले दहा आपले, नव्वद सरकारचे," हे ते लिफ्टमध्येही सांगतात. आमची लिफ्ट फार हळू चालते.

अडीच एकराच्या आत जमीन म्हणून तीन एचपीचा पंप मिळाला. बांधापलीकडच्याला पाचचा मिळाला, हे शल्य आहेच. "पण त्याच्या काचा बघा, धूळ केवढी! पुसायला नको?" आप्पांच्या काचा काकूंच्या जुन्या सुती साड्यांनी पुसल्या जातात. काकू म्हणतात, माझ्या नव्या साड्या जुन्या होण्याची वाट बघत बसलेले असतात हे.

ते पॅनल हाताने फिरवायचे आहेत. सकाळी पूर्वेला, दुपारी सरळ, मग पश्चिमेला. आप्पांना तेवढंच पाहिजे होतं. दहाला फोन, एकला फोन, तीनला फोन. "फिरवलं का?" भाऊ साठीचा, पण आवाज तोच, लाइनवरच्या नव्या पोराला लावायचा. मोबाइलमधल्या ॲपवर पंप किती वेळ चालला ते कळतं, त्यामुळं भावाला थाप मारायचीही सोय नाही.

परवा सांगवीत लग्नाला गेलो होतो. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, आणि बाहेर आभाळ झाकोळलं. भटजी 'सावधान' म्हणाले तसे आप्पा खरंच सावधान झाले. हातातल्या अक्षता खिशात, खिशातला मोबाइल हातात. "धार बारीक झाली असणार," ते माझ्या कानात म्हणाले. नवरानवरीवर पडायच्या अक्षता संध्याकाळी त्यांच्या शर्टातून वॉशिंग मशिनमध्ये पडल्या.

खरी अडचण निराळीच आहे. पूर्वी पाणी अडलं की लाइटवाल्यांचा उद्धार करता यायचा. आप्पांची त्यात एक शैली होती, जिना चढताना ऐकू यायची. आता ढग आला तर बोलायचं कुणाला? सकाळी ज्याला अर्घ्य द्यायचं त्यालाच दुपारी शिव्या कशा घालणार? म्हणून ते नुसते "हं, चालू द्या" म्हणतात, वर बघून, जरा मानानं.

त्यांच्या या फोनांना मी हसायचो. मग एकदा काकूंनी सांगितलं. सोलर यायच्या आधी चुलत्याच्या मोटारीवरून पाणी घ्यायचं, आणि त्या मोटारीला लाइट आठवडा आठवडा रात्रीचीच असायची. त्या भागात उसात बिबट्या कधी बसलेला असेल सांगता येत नाही. भाऊ एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशात मोठ्यानं लावलेली गाणी घेऊन दारं धरायला जायचा. आप्पांनी तीस वर्षं कंपनीत रात्रपाळी केली, पण झोप उडाली ती रिटायर झाल्यावर. दोन वाजता फोन लावायचे, "पोचला का घरी?" एवढंच विचारायचे आणि ठेवून द्यायचे.

काल दुपारी तीनला गॅलरीत गेलो तर आप्पा कठड्यावर वाकलेले. दापोडीच्या बाजूनं मोठा काळा ढग निघाला होता. फोन कानाला.

"ऐक, इथून एक ढग सुटलाय. तुझ्याकडं येईल तासाभरात. तोवर वांग्याचं उरकून घे."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आप्पांचा चेहरा पडला.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, दादा, इथं सकाळपासून पाऊस पडतोय. पंप बंद आहे." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पण मी म्हटलं, काचा धुऊन निघाल्या का ते तरी बघ."