पिसूबाईस खुले पत्र

पिसूबाई,
मुक्काम शेरूच्या शेपटीचं बूड, पोस्ट मुकुटबन, तालुका झरी-जामणी.

नमस्कार घालणार नाही. तुझ्यापायी आमच्या शेरूला रात्र-रात्र झोप नाही. कंबरेपासून शेपटीपर्यंत दातांनी कुरतडून त्यानं केस उपटलेत, मांड्यांच्या आतली कातडी लालबुंद झालीय, चाटून चाटून तिथं ओल राहते आणि वास मारतो. आणि तू? शोधायला गेलं की बेपत्ता! तुझ्या वाटचा दोष गल्लीनं दुसऱ्यांनाच दिला: कुणी उन्हाला, कुणी कोळशाच्या ट्रकांच्या धुळीला, कुणी थेट खरजेला. एका शहाण्यानं जळकं ऑइल फासायला सांगितलं. त्यानं कातडी भाजते, चाटलं तर पोटात विष जातं. तुझं मात्र फावतं.

पण घाण तू मागे ठेवतेसच. बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. थोड्याच वेळात त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरले. ती माती नव्हती. शेरूचंच रक्त होतं, तू पिऊन हगलेलं.

सगळ्यांत जास्त संताप याचा, की तुला फार चावावंही लागत नाही. तुझ्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावे पुरतात, खाज मात्र कित्येक दिवस छळते. म्हणूनच ‘आमच्या कुत्र्यावर एकही पिसू दिसत नाही’ म्हणणाऱ्यांच्या घरीही तू सुखानं नांदतेस. वर दिवसाला ४०-५० अंडी! ती अंगावरून गळतात ओसरीवर, गोणपाटात, बाजेखाली. कोशातली तुझी पिल्लं महिनोन्महिने दडून बसतात आणि पावलांचा हादरा लागला की बाहेर उडी घेतात.

तर आता ऐक. पशुवैद्यांनी शेरूचं वजन करून औषध दिलंय, ते दर महिन्याला चालेल, हिवाळ्यातही. मांजरीला तिचं वेगळं, कारण कुत्र्याच्या औषधातलं परमेथ्रिन तिच्या जिवावर उठतं. गोणपाट उकळत्या पाण्यातून काढलं, ओसरीच्या फटी झाडून कचरा जाळला. जखमांत पू झालाय, त्याच्या गोळ्या मध्येच सोडणार नाही आणि घरातलं माणसांचं मलमही लावणार नाही. ३ महिने नेमानं करूनही खाज राहिली, तर खाण्याची, परागकणांची ॲलर्जी तपासायला सांगू. तोवर संशय तुझ्यावरच.

शेरूच्या घरचे,
मुकुटबन