शेठजींचे दुग्धारोहण

सुरत शहरात उंची या पदार्थाचा पुरवठा प्रारंभापासूनच अल्प आहे. तापी नदीने सहस्रावधी वर्षे डोंगरांतून गाळ वाहून आणला आणि तो अत्यंत निःपक्षपातीपणे चहूकडे सारखा पसरून दिला. त्यामुळे येथील नागरिकास आयुष्यात जे काही गिर्यारोहण घडते ते उड्डाणपुलांवरून, आणि तेही बहुधा दुचाकीवर बसून. अशा या समतल भूमीत, नानपुऱ्यात, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे आणि रिंग रोडवरील कापडबाजारात साड्यांची पेढी चालवणारे शेठ गेल्या मे महिन्यात सहकुटुंब, सहमहाराज (येथे महाराज म्हणजे सहलीबरोबर जाणारा स्वयंपाकी, छत्रपती नव्हेत, सुरतेत हा खुलासा अगोदर केलेला बरा) स्वित्झर्लंडास जाऊन आले, आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीच्या ओट्यावर आल्प्स पर्वताचा अंमल सुरू झाला.

शेठ वर्णन करीत ते असे : हिरवेगार उतार, त्यांवर लाकडी झोपड्या, झोपडीपुढे गळ्यात घंटा बांधलेल्या धष्टपुष्ट गाई, आत तांब्याची अजस्र कढई, कढईत दूध, आणि ते घुसळणारा दाढीधारी पुरुष. त्या झोपड्यांपर्यंत पाऊलवाटा जातात, वाटसरू तेथे बसून ताजे दूध पितो, चीज खातो आणि पुढच्या झोपडीकडे निघतो. "भाऊ," ते मला म्हणत, "आपल्याकडे डोंगर छे, गाय छे, दूध पण छे. वेवस्था नथी."

हे वर्णन ऐकताना माझ्या मनात एक किरकोळ शंका डोकावत असे, आणि पुस्तके वाचण्याच्या जुन्या खोडीमुळे ती बळावतही असे. आल्प्समधील गुरे उंचावरच्या कुरणांत जातात ती साधारणपणे जून महिन्यात, बर्फ वितळून गवत वर वर सरकू लागले म्हणजे, आणि शंभरेक दिवस तेथे मुक्काम करून सप्टेंबरात, फुलांचे मुकुट घालून, वाजतगाजत खाली उतरतात. सुरतेची सुट्टी मे महिन्यात, दुसरी दिवाळीत. म्हणजे मे महिन्यातला सुरतकर तेथे पोचतो तेव्हा गाय अद्याप खालच्या गोठ्यात असते, आणि दिवाळीतला पोचतो तेव्हा ती पुन्हा गोठ्यात दाखल झालेली असते. सुरतेच्या कापडबाजाराचे पंचांग आणि आल्प्सच्या गाईचे पंचांग यांचा योग जुळणे ज्योतिषशास्त्रदृष्ट्या जवळजवळ असंभाव्य होय. शेठांची बारकाईने उलटतपासणी घेता त्यांनी कबूल केले की गाई त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिल्या, कढई पाहिली ती प्रवाशांसाठी दरीतच चालविलेल्या एका प्रदर्शनी दुग्धशाळेत, आणि घंटा पाहिली ती दुकानात. घंटा मात्र त्यांनी विकत आणली होती, आणि तिचे वजन पाहता त्या देशातील गाईंच्या मानेविषयी माझ्या मनात नितांत आदर उत्पन्न झाला.

तथापि त्या दुग्धशाळेत एक प्रसंग घडला होता, जो शेठांनी ओट्यावर कधी सांगितला नाही. शेठाणींनी माझ्या पत्नीस सांगितला. दाढीधारी पुरुषाने चीजचा तुकडा पुढे केला, शेठांनी तो घेतला, आणि तोंडात टाकण्याच्या ऐन क्षणी मार्गदर्शकाने उत्साहाने सांगितले की दूध विरजते ते वासराच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने. तुकडा तोंडापासून दोन अंगुळांवर थबकला. शेठांच्या घराण्यात सात पिढ्यांत कांदा शिरलेला नाही, मग वासरू कोठून शिरणार? त्या दिवशी महाराजांनी हॉटेलच्या खोलीत ढोकळा केला आणि सर्वांनी तो, समोर आल्प्स ठेवून, मौनाने सेवन केला. वास्तविक आमच्या सुरतेचे सुप्रसिद्ध टोपली पनीर, जे पारशी मंडळींनी छोट्या टोपल्यांत जमवून, त्याच्याच निवळीत बुडवून, शतकानुशतके विकले, ते पूर्वापार कृतीत अशाच द्रव्याने जमवीत असत, आणि शेठांनी बालपणापासून त्याचा किती फडशा पाडला असेल याची मोजदाद नाही. ही माहिती मी त्यांना दिली नाही. शेजारधर्म म्हणून काही चीज असते.

शेठांच्या 'वेवस्था नथी' या शेऱ्यास उत्तर देणे मात्र मला, एक मराठी माणूस या नात्याने, भाग होते. आल्प्समध्ये गाय वर जाते ती हवा खाण्यासाठी नव्हे. दरीतले गवत कापून, वाळवून हिवाळ्याची बेगमी करायची, तर उन्हाळ्यात गुरांना दुसरीकडे चारणे क्रमप्राप्तच. आणि वर काढलेले दूध नासण्यापूर्वी दरीत पोचवण्याची सोय पूर्वी नसल्याने त्याचे चीज करतात. दहाबारा लिटर दुधाचा जेमतेम किलोभर गोळा होतो, तो महिनोन्महिने टिकतो, पाठीवर लादता येतो. आमच्या सह्याद्रीने हाच प्रश्न अन्य मार्गाने सोडविला. महाबळेश्वरापासून दक्षिणेकडे, डोंगरांच्या माथ्यांवर, गवळी धनगरांचे वाडे आहेत. ते म्हशी पाळीत, ताक घरात ठेवीत आणि लोणी घेऊन खाली कुणब्यांच्या गावांत उतरत, व बदल्यात धान्य घेऊन वर चढत. चीजच्या जागी लोणी, आणि लोण्याच्या पुढची पायरी तूप, जे चीजपेक्षाही अधिक काळ टिकते आणि ज्यास वासराची गरज केवळ पान्हा सुटण्यापुरती लागते. मेंढपाळ धनगरांचे पंचांग तर आल्प्सशी जवळजवळ जुळणारे : दसऱ्यानंतर घाट उतरून कोकणात, आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा वर, देशावरच्या कोरड्या माळांकडे. या धनगरांच्या देवांचा आणि ओव्यांचा अभ्यास करण्यासाठी गुंथर सोनथायमर नावाचे जर्मन पंडित आयुष्यभर इकडे येत राहिले. आणि आम्ही मात्र गुराखी पाहावयास मे महिन्यात तिकडे जातो.

शेठांवर या विवेचनाचा परिणाम झाला तो एवढाच की त्यांनी विचारले, "नफो कोण लई जाय?" व्यापारी माणसाचा प्रश्न नेहमी मुद्द्याचा असतो. मी त्यांना बर्न प्रांतातील युस्टिसताल नावाच्या खोऱ्याची हकीकत सांगितली. तेथे उन्हाळाभर वर केलेले सगळे चीज सप्टेंबरात एकत्र आणतात, ज्याच्या गाईने जितके दूध दिले त्या हिशेबाने त्याचे वाटे पाडतात, आणि कोणता ढीग कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवितात. हे ऐकताच शेठांचा चेहरा उजळला. "आ तो आपणी सुमुल!" ते उद्गारले, आणि 1951 साली स्थापन झालेल्या आमच्या जिल्हा दूध उत्पादक संघाची परंपरा त्यांनी एका श्वासात आल्प्सशी जोडून टाकली. दूध मोजून घालावे आणि त्याच मापाने परत मिळावे, हे तत्त्व सुरतेस समजावून सांगावे लागत नाही. चिठ्ठ्या तेवढ्या त्यांना पसंत पडल्या नाहीत. हिशेबात नशिबाचे काय काम, असे त्यांचे मत पडले.

वाटांच्या प्रश्नावर मात्र मी निरुत्तर झालो. स्वित्झर्लंडात पाऊलवाटा पासष्ट हजार किलोमीटरांच्या घरात आहेत, आणि 1979 साली तेथील जनतेने सार्वमत घेऊन त्यांचा उल्लेख राज्यघटनेत केला. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी, पाटीवर पुढच्या गावाचे नाव, आणि अंतर मैलांत नव्हे तर चालण्याच्या वेळात. आता आपली परंपरा पाहावी. दूध आणि डोंगरवाट यांचा संगम झालेली आपली सर्वांत विख्यात स्त्री म्हणजे हिरकणी गवळण. कोजागिरीच्या दिवशी ती दूध घालावयास रायगडावर गेली, सायंकाळी दरवाजे मिटले, खाली तान्हे बाळ. तेव्हा जेथून केवळ वारा वर येतो आणि पाणी खाली जाते तेथून ती काळोखात कडा उतरून घरी गेली, अशी आख्यायिका आहे. स्विस सरकारने अशा वाटेवर दुसऱ्या दिवशी पिवळी पाटी लावली असती : 'हिरकणीवाडी, अडीच तास'. आम्ही तेथे बुरूज बांधला. बाईला साडीचोळी देऊन गौरव केला आणि वाट चिऱ्यांनी बंद केली. राजनीतीच्या दृष्टीने ते सर्वथा योग्यच होते, कारण जेथून गवळण उतरते तेथून गनीम चढतो. परंतु पर्यटनाच्या दृष्टीने पाहता आपल्या इतिहासात वाटा शोधण्यापेक्षा बुजविण्याचा खर्च अधिक झाला, असा ताळेबंद निघतो.

अखेर, भाषणे पुरे, प्रत्यक्ष रुजुवात व्हावी म्हणून आम्ही भाद्रपदात साल्हेरवर स्वारी करण्याचा बेत केला. साल्हेर बागलाणात, डांगच्या सरहद्दीला लागून. उंची 1567 मीटर, म्हणजे महाराष्ट्रातील किल्ल्यांत सर्वांत उंच, आणि आल्प्सच्या कित्येक कुरणांस मान खाली घालावयास लावणारा. शिवाय 1670 मध्ये सुरत दुसऱ्यांदा बेसुरत करून शिवाजी महाराज परतले ते याच बागलाणातून. तेव्हा सुरतेहून सह्याद्रीकडे जाणाऱ्या मराठी पदयात्रेचा हा मूळ मार्ग होय, असे मी म्हणालो. शेठ म्हणाले, "ते भरेला जाता हता, आपणे खाली जईए छीए." परंतु हे सर्वथा खरे नव्हते, कारण गाडीत थेपले, खाखरे, छुंदा, सुकी भाजी आणि फरसाण यांची जी रसद चढविली होती ती मोगली सैन्यासही पुरली असती.

गाडी हाकावयास लिंबायतचा एक खानदेशी तरुण होता. आहवा मागे टाकून, सरहद्द ओलांडून आम्ही पायथ्याच्या गावी पोचलो तेव्हा त्याने एका घराच्या पडवीत बाज टाकून घेतली आणि गडाकडे पाहून हात जोडले. तेवढ्यावर त्याची साल्हेरयात्रा समाप्त झाली. आम्ही चढू लागलो. शेठांनी ती स्विस घंटा पाठीवरच्या पिशवीस बांधली होती, आणि घंटेचे मूळ प्रयोजन त्या दिवशी मला पूर्णांशाने उमगले : धुक्यात जनावर चुकले असता ते कोणत्या दिशेस आहे हे धन्यास कळावे. पाटी कोठेही नव्हती, तिचे काम वाटेत भेटलेल्या माणसांनी केले, आणि प्रत्येकाने अंतर सांगितले ते, स्विस पद्धतीनेच, वेळात : "हे काय, आलंच." हे परिमाण पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिळमात्र बदलत नाही, ही त्याची शास्त्रीय योग्यता.

अर्ध्या चढावर, गवताच्या एका सपाटीवर, एक वृद्ध गुराखी इरले पांघरून बसला होता आणि भोवती काळ्यापांढऱ्या डांगी गाई चरत होत्या. या जातीच्या अंगातून एक तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे डांगच्या मुसळधार पावसात पाणी कातडीवर ठरत नाही. निसर्गाने मेणकापड अंगावरच शिवून दिलेले असे. आल्प्सच्या गाईला ही विद्या अवगत नाही. मी पुढे होऊन, बागलाणच्या या सुपुत्राशी मायबोलीतून संभाषण करावे म्हणून, "बाबा, या गिरिप्रदेशी गोधनास चारा विपुल लाभतो काय?" असे विचारले. त्याने माझ्याकडे, मग घंटेकडे, मग शेठांकडे पाहिले आणि शेठांना विचारले, "हे काय म्हणतात?" त्यानंतरचा सर्व व्यवहार शेठांनी तुटक मराठीत आणि बोटांच्या खुणांनी पार पाडला, आणि मी केवळ श्रोता राहिलो.

म्हाताऱ्याने तांब्याभर ताक दिले. ते इतके आंबट, गार आणि पातळ होते की शेठांनी डोळे मिटून दोन तांबे रिचविले आणि स्वित्झर्लंडचे नावही काढले नाही. मग त्यांच्यातील पेढीवाला जागा झाला. गाई किती, दूध किती, खाली डेअरीला किती जाते, घरी किती राहते, येथे लाकडी खोपटे बांधले, बाके ठेविली, पाटी लावली तर? म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले आणि उत्तर दिले ते एका वाक्यात : पावसाळा सरला की गवत सरते, गवत सरले की गुरे खाली, मग तुमच्या बाकांवर बसणार कोण? शेठांनी हिशेब मिटला. घरच्या तुपाचा भाव विचारला, म्हाताऱ्याने सांगितला. "सुरतमां आनाथी सस्तुं मळे," शेठ सवयीने म्हणाले. "मग तिथलंच घ्या की. एवढं चढलात कशाला?" असे म्हातारा म्हणाला, आणि मी आयुष्यात प्रथमच एका सुरती व्यापाऱ्यास घासाघीस न करता पैसे मोजण्याचे वचन देताना पाहिले. तूप खाली त्याच्या घरी होते. तेव्हा तेथून वर जाण्याचा प्रश्न आपोआपच निकालात निघाला. परशुरामाचे मंदिर माथ्यावर आहे, आणि ज्याने बाण मारून समुद्र हटविला तो देव आमची अर्ध्या वाटेवरची हजेरी मान्य करील, असा निर्णय आम्ही एकमताने घेतला.

घर शोधून पाहतो तो ते तेच निघाले, ज्याच्या पडवीत आमचा सारथी झोपला होता. त्याने घरच्या बाईशी अहिराणीत आधीच नाते जोडले होते. मामाच्या गावाकडून काही तरी लागत होते. भाकरी, ठेचा आणि वाटीभर तूप यांचा समाचार घेऊन तो तृप्तपणे दात कोरीत होता.

सुरतेस परतल्यावर तुपाच्या वाटणीचा प्रश्न उपस्थित झाला. बरण्या तीन, त्यांतील एक मोठी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा चांदनी पडवा तोंडावर, त्या दिवशी घारी खाल्ली नाही तर सुरतकराचे नागरिकत्व धोक्यात येते, आणि घारी म्हणजे माव्याचा पिंड तुपात न्हाऊन निघालेला. मोठ्या बरणीवर शेठांचा डोळा होता. मी युस्टिसतालचा दाखला दिला : ज्याने जितके श्रम केले तितका वाटा. शेठ म्हणाले, चढलो आपण सारखेच. मग चिठ्ठ्या, मी म्हणालो. शेठांनी, आपले पूर्वीचे मत बाजूस सारून, चिठ्ठ्या टाकण्यास मान्यता दिली. शेठाणींनी मात्र अट घातली की मंडळी तीन गेली होती, तेव्हा चिठ्ठ्याही तीन. सारथ्यास वर बोलावले. मोठी बरणी त्याला निघाली. आता पुढल्या वर्षीही भाद्रपदातच जाऊ असे शेठ म्हणतात, फक्त गाडी ते स्वतः चालविणार आहेत.