दोनदाच घातलेले

तोक्योत कोएन्जी स्टेशनला उतरून जुन्या कपड्यांच्या दुकानांच्या गल्लीत शिरलात की हे गृहस्थ हमखास दिसतात. वय साठीच्या आसपास, आपादमस्तक काळे. १९८१ साली जपानी फॅशन डिझायनर रेइ कावाकुबो आणि योहजी यामामोतो आपले काळे, ढगळ कपडे घेऊन पॅरिसला गेले आणि तिथल्या शौकिनांची झोप उडाली. तेव्हापासून यांनी दुसरा रंग अंगाला लागू दिलेला नाही.

घर दीड खोल्यांचं. त्यातली अर्धी बुटांच्या खोक्यांची. नवं खोकं आत आलं की जुनं बाहेर गेलंच पाहिजे, हा बायकोचा कायदा. त्यामुळे ते सारखे काहीतरी ‘विकायला काढतात’. धंदा म्हणून जुना माल विकायचा तर जपानात पोलिसांकडे अर्ज करून परवाना काढावा लागतो. पण ते धंदा थोडाच करतात? आवराआवर करतात!

जुन्या वस्तू विकायच्या मेर्कारी अ‍ॅपवरची त्यांची जाहिरात वाचावी. योहजीचे नव्वदीतले बूट, मागे चेन, दोनदाच घातलेले. डाव्या टाचेला आतल्या अंगाने दोन मिलिमीटरचा ओरखडा. शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो सोबत. घरात कुत्रं-मांजर नाही, कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणजे बुटांचं घराणंही चांगलं. आणि शेवटी विनंती : फार चिकित्सक मंडळींनी कृपया घेऊ नयेत. त्यांच्याइतका चिकित्सक माणूस त्या शहरात दुसरा निघायचा नाही, ही गोष्ट वेगळी.

‘थोडं कमी होईल का?’ असं कुणी विचारलं की ते चार ओळींची क्षमा मागतात, हवामानाबद्दल दोन शब्द लिहितात आणि त्या माणसाला कायमचं ब्लॉक करतात.

दोनदाच का घातले? पहिल्यांदा पाऊस आला. दुसऱ्यांदा बूट चावला. बूट सव्वीसचा, पाय साडेसव्वीसचा; पण दुकानात शेवटचा जोड होता, सोडणार कसा? मग वीस वर्षं पातळ कागदात गुंडाळून ठेवला. ग्रहण तिथेच लागलं. जून-जुलैच्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा सोल आतून कुजत जातो, घाला नाहीतर घालू नका. उलट न घातलेल्याची कुणाला शंकाही येत नाही. गिऱ्हाईक मिळालं, जोड पाठवायला म्हणून त्यांनी बाहेर काढला, नुसता अंगठा टेकवला, तर सोलचा भुगा चटईवर.

व्यवहार अर्थातच मोडला. त्यांनी प्रामाणिकपणे जाहिरात बदलली : ‘वरचं कातडं उत्तम. सोल नवा बसवावा लागेल.’ किंमत मात्र तीच, अठ्ठेचाळीस हजार येन.

अकरा मिनिटांत विकला गेला! घेणाऱ्याने कळवलं, मी घालणार नाहीच, काळजी नसावी.

महिन्याभराने तोच जोड पुन्हा अ‍ॅपवर आला. सोल नवा, ओरखडा तोच, किंमत पंचावन्न हजार. ‘एकदाही न घातलेले.’ गृहस्थांनी आधी बायको आंघोळीला गेल्याची खात्री करून घेतली, मग खाली लिहिलं :

‘थोडं कमी होईल का?’