वर्गातलं कच्चं लिंबू

प्रत्येक वर्गात एक मुलगा असा असतो की त्याचं कुणाशी वैर नसतं आणि दोस्तीही नसते. खेळाचे गडी वाटून झाले की तो उरतो. त्याला घ्यावं तर गट कमजोर होतो, न घ्यावं तर मास्तर ओरडतात. म्हणून त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळवतात. त्यानं पळावं, ओरडावं, गुडघे फोडून घ्यावेत. पण तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत आणि त्यानं कुणाला बाद केलं तर तेही धरत नाहीत. शेंबड्या धाकट्या भावंडांसाठी काढलेली ही सवलत मिसरूड फुटू लागलेल्या आठवीतल्या मुलाच्या वाट्याला आली, की तिच्यापेक्षा छडी परवडते. मराठीतल्या विनोदी शालेय आठवणींना निम्मा माल या मुलानं पुरवला आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं श्रेय दुसऱ्यांनीच घेतलं आहे.

एकटं पडायला फार मोठं कारण लागत नाही. थोरल्या भावाची खाकी चड्डी, ‘वाढतं अंग आहे’ म्हणून शिंप्याला दोन बोटं जास्तच सोडायला सांगितलेला सदरा, चष्मा, तोतरेपणा, पहिला नंबर, यांतलं एक पुरतं. खर्ड्यासारख्या बाजाराच्या गावात आणखी एक कारण तयार असतं. गाव जामखेड तालुक्यातलं, म्हणजे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पार टोकाचं. पलीकडे लगेच बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दी. हद्दीपलीकडचं पोरगं वर्गात आलं आणि त्यानं पहिलं वाक्य बोललं, की शेवटच्या बाकावरून त्याच्या हेलाची नक्कल सुरू होते. नक्कल करणाऱ्याचा स्वतःचा हेल पुण्याला गेल्यावर कसा वाजणार आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नसतं. बदलीवर आलेल्या ग्रामसेवकाचा किंवा बँकेच्या साहेबाचा मुलगा शुद्ध बोलतो. तो तर पहिल्याच दिवशी निकालात निघतो.

या सगळ्यांत हलाखीची जात म्हणजे मास्तरांचं स्वतःचं पोरगं. इतर मुलांना शाळा सुटते, त्याला सुटत नाही. वर्गात काही फुटलं, हरवलं किंवा फळ्यावर नको ते चित्र निघालं, की सगळ्यांची नजर त्याच्याकडे वळते, कारण घरी बातमी तोच नेणार. आणि मास्तरांना तर पक्षपात दिसू द्यायचा नसतो, म्हणून सगळ्या वर्गाच्या वाटणीचा मार नमुना म्हणून त्यालाच बसतो. पहिला आला तर ‘बापानं पेपर फोडला’, नापास झाला तर ‘बाप मास्तर असून’. दोन्हीकडून सारखीच बोंब.

टोपणनाव ठेवण्याचं काम साधारण पहिल्या चाचणीच्या आत उरकलं जातं. चष्मा असेल तर ढापण्या, अंगानं भरलेला असेल तर बटाट्या, हडकुळा असेल तर काडी. यात कल्पनाशक्तीला फारसा वाव नसतो आणि कुणी तो मागतही नाही. एकदा पडलेलं नाव सातबाऱ्यावरच्या नोंदीहूनही पक्कं असतं : ते कमी करायला अर्ज घेऊन जावं असं कार्यालयच नाही. पण गावाकडची खरी रीत वेगळी आहे. तिथं मुलाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारतात. बापाचं नाव कळेपर्यंत मुलगा सुरक्षित असतो, म्हणून शहाणी मुलं ते लपवून ठेवतात. ते फुटतं हजेरीच्या वेळी, कारण सर पूर्ण नाव वाचतात. मग पुढची कित्येक वर्षं एक बारकं पोरगं बापाच्या नावानं मधल्या सुट्टीत हाका ऐकत फिरतं, आणि बाप प्रत्यक्ष शाळेत आला की सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघून फुटतो. बापाला वाटतं, पोरं आपल्याला मान देतात.

शाळेचा दिवस अशा मुलाला टप्प्याटप्प्यानं घ्यावा लागतो. सुरुवात परिपाठानं होते. प्रतिज्ञा सांगायला पुढं उभा तोच असतो, कारण पाठ फक्त त्याचीच असते. समस्त भारतीयांना बांधव म्हणून तो रांगेत परततो, तेव्हा त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं असतं. मधल्या सुट्टीत डबा हा प्रश्न असतो. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर प्रश्न कमी. आईनं हौसेनं काही वेगळं दिलं असेल, तर झाकण उघडण्याआधी चारी बाजू बघाव्या लागतात. पी.टी.च्या तासाला गडी वाटतात. दोन-दोन मुलं खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, आपसांत नावं ठरवून येतात आणि कप्तानाला विचारतात, घोडा घेतो का हत्ती. संख्या विषम असली की एकाला जोडीदार मिळत नाही. संख्या सम असली तरी त्या दिवशी कुणीतरी नेमकं गैरहजर असतं.

शिक्षांमध्ये छडी, अंगठे आणि कोंबडा या सार्वजनिक शिक्षा होत. त्यांत एक प्रकारची बरोबरी असते. खास राखून ठेवलेली शिक्षा म्हणजे मुलींच्या बाकावर बसवणं. दांडगट मुलाला ही शिक्षा झाली तर तो पुढचे आठ दिवस नायक म्हणून मिरवतो. कच्च्या लिंबाला झाली तर मुली उठून तक्रार करतात की याला इथं नको.

स्नेहसंमेलनात त्याला झाड, पहारेकरी किंवा पडदा ओढणारा करतात. खर्ड्याच्या बाजूला यात एका भूमिकेची भर पडते : निजाम. खर्ड्याच्या लढाईचा प्रवेश बसवायचा ठरला की पेशवे सवाई माधवराव व्हायला सरपंचाचा नातू असतो, परशुरामभाऊ पटवर्धन व्हायला आवाजाचा पोरगा असतो, मावळे व्हायला अर्धा वर्ग असतो (अठराव्या शतकाच्या अखेरीस मावळे कुठून आले, असं विचारायचं नसतं). निजाम व्हायला कुणी तयार नसतं. मग दाढी कुणाच्या हनुवटीला चिकटणार, हे सांगायला नको.

खर्ड्याच्या विद्यार्थ्याला इतिहासाचा तास एरवीही जड जातो. जामखेड तालुक्यात एकीकडे चोंडी आहे, जिथं १७२५मध्ये अहिल्यादेवी होळकरांचा जन्म झाला, आणि दुसरीकडे खर्डा, जिथं ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम लढले. गावाबाहेर १७४०च्या दशकात निंबाळकरांनी बांधलेला दगडी किल्ला अजून उभा आहे. त्यामुळे तपासणीला आलेला कुठलाही साहेब दुसरं काही विचारत नाही. ‘काय रे, खर्ड्याची लढाई कधी झाली?’ पुण्याच्या मुलाला हे आलं नाही तर एक गुण जातो. खर्ड्याच्या मुलाला आलं नाही तर गावाची अब्रू जाते, आणि साहेब नेमका त्यालाच उठवतो जो खिडकीतून बाहेर बघत असतो.

खरं तर ही लढाई त्या मुलाला इतर कुणाहीपेक्षा चांगली समजायला हवी, कारण तिच्या मुळाशी चौथाईच्या थकबाकीइतकीच चिडवाचिडवी आहे. पुणे दरबार थकबाकी मागत होता. निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क यानं पेशव्यांच्या वकिलांना भर दरबारात सुनावलं की हिशेब समजवायला नाना फडणविसानं स्वतः हजर व्हावं; आणि तो आला नाही, तर कसा आणायचा ते आम्ही दाखवू. पेशव्याला पंचा नेसवून, हाती पाण्याचा तांब्या देऊन काशीला मंत्र पुटपुटायला धाडण्याची भाषाही झाल्याचं इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवलं आहे. थोडक्यात, शेवटच्या बाकावरून होणारं सगळं इथं झालं होतं, फक्त सरकारी पातळीवर.

फरक पडला तो जमलेल्या गड्यांत. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे मराठे सरदार पेशव्याच्या बाजूला एकत्र आले. कंपनी सरकारच्या सर जॉन शोअरनं मधल्या सुट्टीतल्या गुरुजींप्रमाणे तटस्थ राहायचं ठरवलं. दिवसभराच्या झटापटीनंतर निजामअली रात्री मागं हटला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. बाहेरून तोफा, आत पाण्याचे हाल. दोन दिवसांनी त्यानं बोलणं लावलं. मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये कबूल झाले. पण नानांनी मागितलेली महत्त्वाची वस्तू वेगळीच होती : स्वतः मुशीरुल्मुल्क. ज्यानं चिडवलं त्याला ओलीस म्हणून पुण्याला नेलं. इथवरचा भाग कुठल्याही एकट्या मुलाला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. पुढचा भाग शाळेत सहसा शिकवत नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, नानांनाच निजामाच्या मदतीची गरज पडली, आणि मुशीरुल्मुल्क सुटून, गमावलेल्यातलं बरंचसं परत मिळवून हैदराबादला दिवाणगिरीवर रुजू झाला. चिडवणारी मुलं पुढं मॉनिटर होतात, याला हा जुना दाखला आहे.

मराठी साहित्यात शाळेवरचा विनोद भरपूर आहे; पण तो मुख्यतः मास्तरांवर आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘हसवणूक’ (१९६८) मधला ‘बिगरी ते मॅट्रिक’ घ्या किंवा द. मा. मिरासदारांची ‘व्यंकूची शिकवणी’. तिथं हसणारा वर्गाच्या आतला माणूस आहे, टोळीतला. त्याला एकटं पडण्याचा अनुभव फारसा नाही, असला तरी त्यानं तो चतुराईनं खिशात ठेवला आहे. एकट्या मुलाच्या जास्त जवळ जातो तो प्रकाश संतांचा लंपन. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहायला पाठवलेला हा मुलगा; ‘वनवास’ (१९९४) हे पहिल्या पुस्तकाचं नावच पुरेसं बोलकं आहे. पण लंपनला सुमी आहे, संगीत आहे, प्रेमळ म्हातारी माणसं आहेत. त्याचा एकटेपणा ऊबदार आहे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ (२००४) मधला मुकुंद तर चांगला चौकडीत बसलेला असतो.

ज्यांना गावानंच बाहेर बसवलं होतं, त्यांच्या आठवणींत हसू येतं ते वेगळ्या दारानं. दया पवार नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यातले, धामणगावचे. ‘बलुतं’ (१९७८) मध्ये दोन माणसं समोरासमोर बसतात : एक शिकला-सवरलेला दया पवार, दुसरा दगडू मारुती पवार, आणि दगडू सांगतो, दया ऐकतो. कच्च्या लिंबानं मोठेपणी स्वतःलाच समोर बसवून घ्यावं, ही युक्ती मराठीत इतकी नेमकी दुसऱ्या कुणी वापरलेली नाही. दगडू या नावाचा सल पुस्तकात कायम आहे, आणि तो सांगण्याचा सूर रडका नाही, तिरकस आहे. लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये कैकाडी कुटुंबाचं बिऱ्हाड गाढवांवर गावोगाव फिरतं. मुलाला वर्गात रुळायला वेळच मिळत नाही, दर मुक्कामाला तो नव्यानं उपरा. तिथं वाचक हसतो आणि लगेच आपण कशाला हसलो हे तपासतो. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ फेब्रुवारी २०१४मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा थिएटरात हेच घडत होतं.

त्याच वर्षी २८ एप्रिलला खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. खर्डा आणि शाळा हे दोन शब्द एकत्र लिहून हे वगळणं लबाडीचं होईल. विनोदी आठवण लिहायची तर आधी मोठं व्हायला मिळावं लागतं, आणि ही सवलत सगळ्यांना सारखी वाटलेली नाही.

ज्यांना ती मिळते त्यांची कथा पुढं पंचवीस वर्षांनी सुरू होते, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ग्रुपचं नाव कुठल्यातरी साली दहावी झालेल्या बॅचचं, चिन्ह गुलाबाचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सगळं आठवतं. फक्त कुणी कुणाला छळलं होतं ते कुणालाच आठवत नाही. चिडवणारा आता कीटकनाशकांचं दुकान चालवतो आणि रोज सकाळी माणुसकीवरचे संदेश पाठवतो. ‘आपण किती मजा केली रे तेव्हा!’ यावर कच्चं लिंबू अंगठा दाखवतं. त्याला तारीख, वार आणि कोण हसलं त्यांची नावं बसण्याच्या क्रमानं पाठ असतात. तसं लिहायला घेतलं तर पुस्तक होईल, आणि अधूनमधून होतंही.

मेळावा ठरतो. मंगल कार्यालय, निवृत्त शिक्षकांना शाल-श्रीफळ, वर्गाच्या जुन्या क्रमानं बसून हजेरी, दुपारी शिपी आमटी आणि भात. वर्गणी कुणाकडे जमा करायची, असा प्रश्न येतो तेव्हा ग्रुपवर बराच वेळ शांतता पसरते, कारण सगळे एकमेकांना चांगले ओळखून असतात. शेवटी एकमतानं एकच नाव पुढं येतं. पैसे खाण्याइतकी याची कुणाशीच दोस्ती नाही, हे त्यामागचं न बोललेलं कारण. हिशेब तो चोख ठेवतो, उरलेले पैसे शाळेला देतो, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकतो. पैसे पाठवताना प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचं बँकेतलं पूर्ण नाव उमटतं, आणि त्यातलं मधलं नाव वाचून चौघं-पाच जण लगेच ग्रुपवर त्याच्या बापाला हाक मारतात.