आणीबाणीचा रकाना

वाळूजच्या कारखान्यात रुजू होताना भरायच्या फॉर्मवर एक रकाना हमखास असतो : आपत्कालीन संपर्क. नवरा तिथे बायकोचा नंबर लिहितो, बायको तिच्या शाळेच्या फॉर्मवर नवऱ्याचा. मग दोघं सिडकोहून एकाच स्कूटरवर निघतात, हेल्मेट डिकीत जपून ठेवून. लेकरांच्या शाळेत आई, वडील आणि 'अन्य' अशा तीन जागा. अन्य म्हणजे आजोबा. ते अनोळखी नंबर उचलत नाहीत. उचलू नका, फसवतात, असं आपणच त्यांना बजावलेलं असतं. जुन्या कागदांवर तर ०२४० ने सुरू होणारा लँडलाइन अजून इमानेइतबारे उभा आहे. शहराचं नाव २०२३ मध्ये कागदोपत्री बदललं, त्यावरून घराघरांत वाद झाले. नंबर बदलून लिहायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

मोबाइलमध्ये सोय आहे. लॉक न उघडताही रक्तगट आणि घरच्यांचा नंबर दिसतो, फक्त तो आधी भरावा लागतो. एवढीच अडचण. लॉकच्या आत 'पप्पा', 'पप्पा जिओ', 'पप्पा नवीन' असे तीन पप्पा. चालू कोणता, ते जखमीलाच ठाऊक.

मदतीची काही वाण नाही. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते आहे, ११२ वर पोलीस येतात. माणूस घाटी रुग्णालयात पोचतो. टेबलावरून प्रश्न येतो, नातेवाइकाचा नंबर? सोबत आलेला रिक्षावाला जरा थांबतो आणि स्वतःचाच सांगतो.