उंदराचं औषध

शस्त्रक्रिया होऊन घरी आलेल्या माणसाभोवती जे काही चालतं, त्यातलं निम्मं त्या माणसासाठी नसतं, करणाऱ्यांच्या समाधानासाठी असतं, असं माझं मत आहे. मत जुनं आहे, पण माणसाचं उदाहरण घेऊन ते सिद्ध करता येत नाही, कारण माणूस मुळात भिडस्त. नको असलेला मोसंबीचा रस तो निमूट पितो. चौकशीला आलेल्या मावससासूबाई स्वतःच्या पित्ताशयातल्या खड्यांची हकिकत आकारमानासकट सांगतात, तीही ऐकून घेतो. 'आता बरं वाटतंय ना?' या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेलं असतं आणि तो तेच परत करतो. अशा साक्षीदाराच्या जबानीवर कुठलंही कोर्ट निकाल देणार नाही. या वादाला रुग्ण असा हवा, की ज्याला भीड नाही, मुर्वत नाही, आणि पटलं नाही तर आपली केलेली सेवा दातांनी कुरतडून बाजूला ठेवायची ज्याची तयारी आहे. असा रुग्ण आहे. वजन साधारण ३०० ग्रॅम, शेपटी धरून. तो म्हणजे पाळलेला उंदीर.

आपल्याकडे उंदीर म्हटला की एक तर गणपतीच्या पायाशी असतो, नाहीतर माळ्यावर. मधली जागा नाही. ती मधली जागा इंग्लंडात तयार झाली. तिथला पाळीव उंदीर गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्यांत कुणी पांढरा, कुणी ठिपक्यांचा, असा वेगळ्या रंगाचा निघाला की तो मारायचा नाही, वाढवायचा आणि विकायचा. पुढे १९०१ साली मेरी डग्लस या बाईंनी खटपट करून आयल्सबरीच्या उंदरांच्या प्रदर्शनात, म्हणजे तोपर्यंत फक्त चिमुकल्या जातीच्या उंदरांना प्रवेश होता त्या प्रदर्शनात, या मोठ्या उंदरांचीही वर्णी लावली. १९७६ पासून तर तिथे उंदीर पाळणाऱ्यांची राष्ट्रीय संस्थाच आहे, आणि तिच्या प्रदर्शनांत कानांची ठेवण आणि अंगावरच्या केसांची तुकतुकी पाहून क्रमांक दिले जातात. इतकं झाल्यावर दुखणीही रीतसर येणारच. या उंदरांच्या माद्यांना स्तनांच्या गाठी फार होतात. उंदरिणीच्या स्तनग्रंथी मानेपासून मांडीपर्यंत पसरलेल्या असतात, त्यामुळे गाठ काखेतही येते आणि शेपटीच्या बुंध्याशीही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण वाढता वाढता अशा वाढतात की चालताना जमिनीला घासतात. मग भूल देऊन गाठ काढतात आणि रुग्णाला बहुधा त्याच संध्याकाळी घरी पाठवतात. इथून आपला विषय सुरू होतो.

पहिला मुद्दा उपासाचा. 'रात्री बारानंतर पाण्याचा घोटही नाही' हे वाक्य ज्यानं ऐकलं नाही असा शस्त्रक्रियेचा रुग्ण नसेल. त्यामागचं कारण खरं आहे: भुलेत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाण्याची भीती. पण उंदराला उलटी होतच नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधलं दार फार घट्ट असतं, आणि उलटी घडवून आणणारी मेंदूतली यंत्रणाच त्याच्यात नाही. (उंदीर मारण्याची विषं इतकी लागू पडतात, त्याचं एक कारण हेच, गिळलेलं परत काढायची सोय नाही.) शिवाय एवढ्याशा देहाची भट्टी इतक्या जोरात पेटलेली असते की रात्रभर उपाशी ठेवला तर रक्तातली साखर उतरून तोच धोका व्हायचा. म्हणून जाणता डॉक्टर उंदराच्या मालकाला सांगतो, की याचं नेहमीचं खाणं बरोबर आणा. जाग आल्यावर पहिली चांगली खूण कोणती, तर रुग्ण खायला लागला ही. आणि इथे आपली पेज आणि मऊ भात घेऊन उभी असलेली पिढी गोंधळते. उंदराला जड-हलकं कळत नाही, आवडतं-नावडतं कळतं. उकडलेलं अंडं, तान्ह्या बाळाचं मऊ खाणं, काकडीची फोड, जे तोंडात धरील ते द्यायचं. त्याच्या पथ्याची यादी तो स्वतः करतो. माणसांच्या बाबतीत हे लागू करायला मी सांगत नाही. एवढंच म्हणतो, की 'हलकं खा' हा सल्ला देताना आपण रुग्णाच्या पोटाचा किती विचार करतो आणि आपल्याला काय शिजवता येतं याचा किती, हे एकदा तपासून पाहावं.

दुसरा मुद्दा मलमपट्टीचा, आणि माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा इथे आहे. उंदीर जागेपणीचा बराचसा वेळ अंग चाटण्यात, केस साफसूफ करण्यात घालवतो. अशा टापटिपीच्या प्राण्याला आपल्या पोटावर कुणीतरी दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे असं आढळलं, तर तो दुसरं काय करणार? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यांना काम लागतंच. रात्री टाके मोजून झोपलेल्या मालकाला सकाळी एकही टाका सापडत नाही. म्हणून शहाणे शल्यचिकित्सक टाके कातडीच्या आत घालतात आणि वरून जखमेच्या कडा वैद्यकीय गोंदानं चिकटवतात. चावायला काहीच बाहेर ठेवत नाहीत. पट्टी बांधाल तर तिचं आयुष्य मिनिटांत मोजावं. कुत्र्याच्या गळ्यात घालतात तशी नरसाळ्यासारखी कॉलर उंदराला घातली, तर तो खाणार कसा? तो घास पुढच्या दोन्ही पंजांत धरून खातो. पंजे एकीकडे आणि तोंड एकीकडे अशी फारकत झाली की तो अन्नही सोडतो आणि आशाही. कधी नाइलाजानं कॉलर घालावी लागतेही, पण पहिला उपाय म्हणून नाही. पट्टी दिसली की बघणाऱ्याला उपचार झाल्यासारखा वाटतो. उंदराला तसं वाटत नाही, एवढाच त्याचा आणि आपला मतभेद. जखम कोरडी आहे का, कडा लाल झाल्यात का, सूज आली आहे का, हे दिवसातून दोनदा पाहणं हा खरा उपचार. पण तो कुणाला दिसत नाही, आणि चौकशीला आलेल्यांना दाखवताही येत नाही.

विश्रांतीबद्दल उंदीर आणि आपण अर्ध्यावर एकमत आहोत. पिंजरा एकमजली हवा, शिड्या आणि झोपाळे काढून ठेवायचे, भुसा जखमेला चिकटतो म्हणून त्याऐवजी मऊ कापड नाहीतर साधा कागद अंथरायचा. ऊब हवी, कारण भुलेनंतर लहान शरीर झपाट्यानं गार पडतं. पण गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवायची, म्हणजे नको झालं तर रुग्णाला उठून दुसरीकडे जाता येतं. (घरच्या रुग्णाला ही मुभा कोण देतो? त्याच्या अंगावर तीन गोधड्या असतात आणि पायाशी चौथी घेऊन कुणीतरी उभं.) मतभेद होतो तो एकांताबद्दल. आपण म्हणतो, त्याला एकट्याला शांत पडू द्या. उंदीर एकटा ठेवला की खचतो. तो कळपात राहणारा आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात एक उंदीर नळीत कोंडून ठेवला, तर बाहेरच्या उंदरानं खटपट करून दार उघडलं आणि त्याला सोडवलं. शेजारी चॉकलेटचे तुकडे ठेवले असतानाही सोडवलं, आणि नंतर बऱ्याचदा त्यातले काही त्यालाही ठेवले. तेव्हा जखम चाटणारा आगाऊ सोबती वगळून एखादा स्वभावानं गरीब असलेला जोडीदार शेजारी ठेवावा, असं अनुभवी पाळणारे सांगतात. तो स्वतःच्या शस्त्रक्रियेची हकिकत सांगत नाही, फळं आणत नाही. अंगाला अंग लावून झोपतो.

सगळ्यांत अवघड काम दुखणं ओळखण्याचं. ज्याची शिकार होते तो प्राणी दुखणं दाखवत नाही, अंगावर काढतो; दाखवलं तर पहिला तोच उचलला जातो. त्यातून उंदराची संकटातली हाक साधारण २२ किलोहर्ट्झला असते आणि माणसाचा कान फार तर २० पर्यंत ऐकतो. म्हणजे रुग्ण जीव तोडून ओरडत असला तरी उशाशी बसलेल्याला खोलीत कमालीची शांतता वाटणार. यावर कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तोडगा काढला: उंदराचा चेहरा वाचण्याची मोजपट्टी. डोळे बारीक झालेत का, नाक आणि गाल यांच्यामधला उंचवटा सपाट पडलाय का, कान दुमडून मागे वळलेत का, मिशा ताठ झाल्यात का, यावर गुण द्यायचे. शिवाय डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल ओघळ दिसला की नवखा मालक रक्त समजून हंबरडा फोडतो. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा लाल स्राव असतो, पण ताण किंवा आजार आहे हे मात्र तो सांगतो. मग वेदनाशामक द्यायचं. वजनाच्या हिशेबात उंदराची मात्रा कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून कुत्र्याची बाटली पाहून अंदाजानं थेंब टाकू नयेत. आणि औषध त्याच्या रोजच्या आवडत्या खाण्यात कालवायचं नाही. जॉन गार्सिया या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की एखादी चव घेतल्यानंतर पोटात ढवळलं, तर उंदीर ती चव पुन्हा तोंडाला लावत नाही, आणि हे एका खेपेत शिकतो. गुळाच्या खड्यात लपवलेली कडू गोळी आपण लहानपणी थुंकलो, तरी गुळावर आपला राग राहिला नाही. उंदराचा राहतो.

आता आक्षेप. पहिला माझ्याच म्हणण्यातून निघतो: सेवा जर निम्मी करणाऱ्याच्या समाधानासाठी असेल, तर ती करायचीच कशाला? पण माझा आरोप निम्म्यावर आहे, आणि उरलेलं निम्मं कोणतं ते उंदरानंच वेगळं काढून दिलं आहे: ऊब, खाणं, वेदनेचा उतारा, सोबत आणि न बोलता पाहत राहणं. रोज एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही करायचं, कारण इतक्या लहान देहात दहा-पंधरा ग्रॅमची घटही बोलकी असते. काट्यावर नंतर कणीक मोजायची की नाही हा प्रश्न प्रत्येक घरानं आपापल्या जबाबदारीवर सोडवावा. (माझं मत: काटा दुसरा घ्यावा.)

दुसरा आक्षेप पैशाचा. उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट शस्त्रक्रियेला लागतात आणि प्राणी जगतो दोन-तीन वर्षं. हिशेब बरोबर आहे, पण काळ मोजायचं माप चुकलंय. अडीच वर्षांच्या आयुष्यात सहा महिने मिळाले, तर आयुष्याचा पाचवा हिस्सा मिळाला. माणसाला कुणी पंधरा वर्षं वाढवून दिली, तर तो बिल पाहून कुरकुर करील, पण वर्षं परत करणार नाही. गाठ दुसरीकडे पुन्हा येते हेही खरं, म्हणून उंदीर थकलेला, दमेकरी असेल तर शस्त्रक्रिया नको म्हणणारे डॉक्टर मला जास्त भरवशाचे वाटतात. आणि वेदनेपुरतं बोलायचं तर प्रश्न ऐच्छिक राहिलेलाच नाही: ब्रिटनच्या २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यानं पाळलेल्या प्राण्याला वेदनेपासून वाचवणं हे मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि त्यातून उंदीर वगळलेला नाही. तसंही, आपल्या घरातली बरीच वेदनाशामकं माणसाच्या आधी उंदरावर तपासली गेली. म्हणजे हे औषध आपल्या जातीवरच आधी करून पाहिलंय असं छातीठोकपणे म्हणू शकणारा रुग्ण तो एकटाच.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस, आणि तो मुंबईचा माणूसच घेऊ शकतो. ज्या शहरात १८९६ ला प्लेग शिरला, जिथे महापालिकेचे मूषकसंहारक आजही रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात, तिथे एका उंदराला काठी आणि दुसऱ्याला वेदनाशामक हा दुटप्पीपणा नाही का? आहे. पण तो दिवाणखान्यात उंदीर पाळणाऱ्यानं सुरू केलेला नाही. इंग्रजी कायद्यातही गटारातला उंदीर मारता येतो आणि पिंजऱ्यातल्याचं दुखणं मात्र मालकाला बघावं लागतं, जात तीच. आणि औषधशास्त्रानं तर या बाबतीत कधीच सोवळं पाळलं नाही. वारफरिन हे रक्त पातळ करणारं रसायन १९४८ साली अमेरिकेत बाजारात आलं ते उंदीर मारण्याचं विष म्हणून. पुढच्या काही वर्षांत ते माणसांना द्यायला लागले, आणि १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही दिलं. हृदयात कृत्रिम झडप बसवलेले कितीतरी काका रोज संध्याकाळी हीच गोळी घेतात आणि घेता घेता पाळलेल्या उंदराच्या बिलाला नाकं मुरडतात. मात्रा जास्त होऊ नये म्हणून त्यांचं रक्त वरचेवर तपासलं जातं. माळ्यावरच्या उंदराला ती सोय नाही.